ऑक्टाव्हिया आरएस २३० सेकंडहँड घेतली: घसाऱ्याचं सोडा, टायरचं बघा

परतीच्या पावसात माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० चा पुढचा डावा टायर गेला. खड्डा पाण्याने भरलेला, वेग जेमतेम चाळीस, एकच दणका. गाडी सरळ चालत होती म्हणून घरापर्यंत आणली आणि खाली वाकून पाहिलं तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा. तिथले आतले दोरे तुटलेले असतात, त्यामुळे पंक्चरसारखं काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. २२५/४० आर १८ मापाचा बऱ्या कंपनीचा एक टायर १६,५०० रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, जोडीच टाका." त्याचं बरोबर होतं. इंजिनाची २३० पीएस पॉवर आणि ३५० एनएम टॉर्क, ही सगळी ताकद पुढच्याच दोन चाकांवर येते. तिथे एक नवा आणि एक अर्धा झिजलेला टायर चालवणं धोक्याचं. म्हणजे एका खड्ड्याचे ३३,००० रुपये. आदल्या पावसाळ्यातही एक असाच गेला होता.

गाडीची बाकी माहिती सगळ्यांना आहे, ती परत लिहीत नाही. या टायरबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण गाडी घेताना मला याबद्दल कोणीही काही बोललं नव्हतं. २२५/४० मध्ये २२५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ९० मिलिमीटर रबर. १६ इंची चाकाच्या २०५/५५ टायरला तेच ११३ मिलिमीटर मिळतं. हे दोन-सव्वादोन सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण आपल्या रस्त्यावर टायर वाचणार की फुटणार हे तेवढ्यावरच ठरतं. आता माझी सवयच झाली आहे. दर रविवारी टायर थंड असताना हवा तपासतो, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवतो, मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच. फुगा आतल्या बाजूला आला तर उभ्याने तो दिसत नाही.

विम्याचा उपयोग झाला नाही. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत नुसता टायर गेला तर क्लेम बसत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच बसतो, आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या निम्मेच मिळतात. टायरचं वेगळं कव्हर मागितलं तर गाडीचं वय पाहून नकार आला. फोनवरच्या मुलीशी मी बराच वाद घातला. नियम तिने केलेला नाही, हे कळत होतं. पण २० लाखांच्या वरच्या गाडीला १८ इंची चाकं येतात, रस्ते असे आहेत आणि विमा म्हणतो रबर तुमचं तुम्ही बघा, याचा राग येतोच.

गाडी घेतली तेव्हा जो तो डीएसजीचं, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, भय घालत होता. मीही त्यासाठी लाखभर रुपये बाजूला काढून ठेवले होते. ते अजून तसेच आहेत. या गाडीत सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा बॉक्स आहे. ज्याची बदनामी झाली तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा, तो वेगळा. ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर वेळेवर बदलणं एवढंच पथ्य. माझं काम बाहेरच्या गॅरेजमध्ये मजुरीसकट २२,००० च्या आत झालं आणि त्यानंतर गिअर आणखी मऊ पडायला लागले. त्यामुळे गिअरबॉक्सबद्दलचं माझं मत पार बदललं आहे.

पेट्रोल पुण्याच्या गर्दीत लिटरला आठ-नऊ किलोमीटर, हायवेला शांतपणे चालवली तर तेरा-चौदा. १०४ रुपयांच्या भावाने शहरात किलोमीटरला बारा रुपये पडतात. वर्षाच्या हिशोबात हा आकडा टायरपेक्षा मोठाच आहे, पण तो आधीपासून माहीत असतो आणि निम्मा आपल्या उजव्या पायावर असतो.

खरं समाधान घसाऱ्याने दिलं. २०१७ मध्ये ही गाडी २४.६२ लाख एक्स-शोरूमला आली. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी सव्वातीन लाख. तो सगळा भार पहिल्या मालकाने उचलला. मी १६ लाखांना घेतली आणि परवा एका ओळखीच्या डीलरने स्वतःहून १५ लाख देऊ केले. अशा गाड्या देशात आल्याच मोजक्या. नंतरची आरएस २४५ आली ती २०० गाड्या आणि ३५.९९ लाखांना, आणि ऑक्टोबर २०२५ ची नवी आरएस फक्त १०० गाड्या, ४९.९९ लाखांना. नवीचा भाव असा चढत गेला की जुनीचा सहसा पडत नाही.

पण विमा कंपनीच्या संगणकाला हे कळत नाही. रिन्यूअलला आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आली ८.९ लाख. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर हातात तेवढेच पडणार. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कोष्टकाने ठरत नाही, दोघांच्या संमतीने ठरते, हे लक्षात ठेवा. चालू जाहिरातींचे भाव पाठवून मी ती १३ लाखांवर नेली. प्रीमियम सहा हजारांच्या आसपास वाढला. थर्ड पार्टीचे ७,८९७ रुपये १५०० सीसीवरच्या कुठल्याही गाडीला तेवढेच, त्यात फरक पडत नाही. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. माझ्या जुन्या गाडीचा मी इकडे लावून घेतला.

आता १७ इंची रिम आणि २२५/४५ टायर टाकतोय. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही, आणि साइडवॉल १०१ मिलिमीटर होते. पुढचे ब्रेक मोठे आहेत, म्हणून पैसे देण्याआधी रिम बसवून हाताने फिरवून बघा, कॅलिपरला घासते का. मूळ १८ इंची रिम विकायच्या नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच हव्या असतात. गाडी बघायला जाल तेव्हा चारही टायरच्या कडेला छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात टायर कधी बनला ते असतं. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, म्हणजे टायर कितीही काळाभोर दिसत असला तरी बदलायला झालेला. तशी जोडी असेल तर ३३,००० आणि चारही तसे असतील तर ६६,००० सरळ सौद्यातून कमी करायला सांगा.