पक्के बिल की कच्ची चिठ्ठी?

जळगावचे सोने खानदेशभर विश्वासाचे मानले जाते, तरीही लग्नाच्या खरेदीत कच्च्या चिठ्ठीचा मोह अनेकांना होतो. त्या चिठ्ठीवर 1 लाखाच्या सोन्यामागे 3 टक्के जीएसटीचे 3,000 रुपये वाचतात, हे खरे. परंतु तिच्यावर शिक्का नसतो, कसाची नोंद नसते आणि उद्या तक्रार करायची तर हाती पुरावाही उरत नाही. पक्क्या बिलात वजन, शुद्धता, घडणावळ आणि कर स्पष्ट लिहिलेले असतात. माझ्या मते खरे मोठे नुकसान दुकानदाराचेच आहे: जी विक्री वहीत दाखवलीच नाही, तिच्या आधारे बँक खेळते भांडवल देत नाही, म्हणून तो सावकाराचे चढे व्याज भरत राहतो आणि हाती गिऱ्हाईक असूनही आणखी दोन कारागीर ठेवू शकत नाही.