ससून डॉक की गिरणगाव? एकच सकाळ असेल तर

मुंबईचा कष्टकरी इतिहास बघायला एकच सकाळ हाताशी असेल, तर कुलाब्याची मासळीची गोदी ससून डॉक गाठायची, की लालबाग-परळचा जुना कापडगिरण्यांचा भाग, म्हणजे गिरणगाव? आधी कॅलेंडर बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत डॉकवर उभ्या होड्या बघून परत याल, तेव्हा गिरणगावच.

एरवी आमचं मत डॉकला. आल्बर्ट ससून यांची 1875 ची ही गोदी कापसाच्या व्यापारासाठी बांधली गेली, आज तिथे मासळी उतरते. साडेपाचला पोहोचा. होडीतून टोपल्या हातोहात धक्क्यावर येतात, ढीग ओतला की लगेच भोवती लिलाव सुरू. आठला गेलात तर लिलाव हुकला. कोळंबी सोलणाऱ्या बायका तेवढ्या दिसतील. खाली मासळीचं आणि बर्फाचं पाणी, चपलेतला पाय हमखास घसरतो. पकड असलेले, धुता येणारे बूट घाला. हातगाडीवाला ओरडला की आधी सरका, मग बघा. फोटोवर बंधनं आहेत, गेटवर विचारून घ्या.

गिरणगावात उलटं: इतिहास पावलोपावली, पण काम गेलेलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांच्या जागी टॉवर का, याचं उत्तर मात्र नियमांत आहे. 1991 च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळी जागा, परवडणारी घरं, मालक. 2001 मध्ये ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या शेडखालची जमीन त्यातून सुटली. हे ठाऊक नसेल तर लोअर परळच्या फिनिक्स मॉलमधली जुन्या गिरणीची चिमणी नुसती शोभेची वाटते.

चालू काम बघायचंच असेल तर मार्च ते मेमध्ये लालबागची मिरची गल्ली गाठा. मसाला कुटणारे डंक सुरू असतात, रुमाल लागतोच. लालबागला एरवी गेलात तरी गणपतीचे दिवस टाळा.

दोन्ही जागांना जोडणारा धागाही आहे. आल्बर्टचे भाऊ इलियास यांच्या पेढीच्या गिरण्या पुढे ‘इंडिया युनायटेड’ झाल्या.

दुपारपर्यंत वेळ असेल तर दोन्ही जमतं, पण डॉक आधी. तिथून बसने सीएसएमटी, मग धीमी लोकल. गिरणगावासाठी चिंचपोकळीला उतरा: चौथं स्टेशन, जलद गाडी तिथे थांबत नाही. डॉकचे बूट पिशवीत बांधून घ्या, डब्यातले लोक दुवा देतील.