सरकी पेंड की ओली बार्ली? पाच गायींवरचा माझा अनुभव

खुराकाचा खर्च वाढला की आमच्या वाळूज पट्ट्यात हमखास प्रश्न येतो, पेंड कमी करून बिअर कारखान्याची ओली बार्ली, म्हणजे बिअर काढून उरलेला धान्याचा चोथा, घालावी का. मी दोन्ही घातलंय. पेंड पहिल्यापासून, बार्ली मधे सात-आठ महिने, गायी पाच, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित.

बार्लीला नावं ठेवणार नाही. गायी तुटून पडतात, गव्हाण चाटूनपुसून साफ, आणि माझ्याकडं तरी गायीमागं लिटरभर दूध वाढलं होतं. फॅट मात्र डेअरीच्या पावतीवर 3.8 ची 3.5 लागायला लागली, तुमच्याकडं तसं होईलच असं नाही. फक्त किलोचा भाव बघून ठरवू नका, त्यात 75-80 टक्के पाणी असतं, 20 किलो घातली तरी सुका माल 4-5 किलोच, त्यावर हिशोब मांडला की स्वस्ताई बरीच कमी होते.

माझं डोकं उठलं ते साठवणीनं. टेम्पोवाला पाच गायींपुरता माल आणत नाही, एकदम गाडी ओततो, तेही त्याच्या सवडीनं, कधी रात्री अकराला. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला की आतून गरम लागतो, वर पांढरी बुरशी, खालून पाणी गळतंय आणि त्यावर माशा घोंगावतायत. मीठ मारून ड्रममध्ये दाबून वर ताडपत्री बांधून बघितली, थोडे दिवस जास्त निघाले, पण मे महिन्यात तेही जमेना. एकदा वरची बुरशी काढून खालची चांगली दिसली म्हणून घातली आणि दुसऱ्या दिवशी दोन गायींना हगवण, रवंथ बंद, डॉक्टर आणि औषधं झाली, वर तीन दिवसांचं दूध गेलं. त्या दिवशी बार्ली थांबवली.

पेंडीतही भेसळ असते. नवीन पोत्यातली मूठभर पाण्यात ढवळून बघतो, तळाला वाळू बसली की पोतं परत. रात्री भिजत घालायचं काम आहे, आणि लहान वासरांना देत नाही, सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना सोसत नाही. पण पोतं फळीवर ठेवून ओल लागू दिली नाही तर महिनाभर काळजी नाही.

पंधरा-वीस गायी असतील तर बार्ली परवडेल बहुतेक. चार-पाचच असतील तर मी पेंडच सांगेन, सोबत थोडी तूर चुनी (तूरडाळ करताना निघणारा चुरा). तरी बार्ली घालूनच बघायची असेल तर गाडी शेजारच्या दोन-तीन गोठ्यांत वाटून घ्या, दोन दिवसांत संपली पाहिजे.