डोंगरउतार घ्यावा की बागायती तुकडा?

भाच्याला डांगी जनावरं (डोंगराळ, पावसाळी भागातली गाईबैलांची जात) पाळायची आहेत. नाशिक जिल्ह्यात डोंगराळ इगतपुरीकडे उतार खंडाने घ्यावा की बागायती निफाडला तुकडा, इथे अडलाय.

निफाडची जमीन द्राक्षाच्या भावाने जाते, गवतासाठी परवडत नाही. इगतपुरीत खंड कमी, पण एकर जास्त लागतात. सातबाऱ्यावर वनखात्याचा शेरा नाही ना, हे आधी बघावं.

खरी मेख चाऱ्यात आहे. इगतपुरीत पावसाळ्यात गवत मायंदाळ, पण उन्हाळ्यात उतार उघडे पडतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास कापून गंजी रचावीच लागते. निफाडला पाणी असेल तर नेपियर हे चाऱ्याचं गवत दीड-दोन महिन्यांनी कापणीला येतं, जनावर मात्र दावणीलाच राहतं. डांगीची कातडी तेलकट, खूर टणक; ती धो-धो पावसातही चरते.

चरूनच वाढवायची तर इगतपुरी. दोन-चार दुभती दारात बांधायची तर निफाड.