ताम्रछाप की शिळाछाप?

एकोणिसाव्या शतकातल्या पक्षिचित्रांत रंग बहुधा छापलेला नसे. कारागीर मूळ नमुना समोर ठेवून प्रत्येक प्रत कुंचल्याने रंगवत. चित्राचा नूर मात्र खालच्या छापावर ठरे: तो तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेला (ताम्रछाप) की दगडावरून (शिळाछाप).

अमेरिकी पक्षिचित्रकार ऑड्युबॉनच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ची (१८२७–३८) ४३५ चित्रं तांब्याच्या पत्र्यावरची, बहुतेक लंडनच्या हॅवेलने कोरलेली. रेघ धारदार, आणि आम्लाने पत्रा खाल्ला की राखाडी छटा छपाईतच उतरत. वर जलरंगाचा पातळ हात. पक्षी खऱ्या मापाचे, म्हणून कागद मीटरभर उंच. तरी बिचाऱ्या रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगोला) मान खाली वाकवूनच त्यात मावावं लागलं!

इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डच्या हिमालयी पक्ष्यांच्या ८० चित्रांची तऱ्हा वेगळी. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने ती तेलकट खडूने थेट दगडावर काढली. मधे कोरणारा नाहीच. तांबं कोरण्यापेक्षा काम झटपट, आणि खडूचा रवाळ पोत पिसांच्या मऊपणाला अगदी साजेसा. ऑड्युबॉनच्या पक्ष्यांसारखं नाट्य मात्र यांच्यात नाही, फांदीवर गुमान बसलेले.

लांबून बघायचं तर ऑड्युबॉनच. भिंग हातात असेल तर मी गूल्डबाईंकडे वळेन.