पगाराची स्लिप नसताना भाड्याचं घर: शासनाची ई-रजिस्ट्रेशन सेवा किती कामाची?

निवृत्त झालेले, नोकरी सुटलेले, नोकरी सोडून पुन्हा शिकायला लागलेले, अशा कुणीही घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कामाला कुठे?" मालक विचारतो, एजंट विचारतो, सोसायटीचा सेक्रेटरी तर कंपनीचं पत्रच मागतो. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्स कराराची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची) ऑनलाइन नोंदणी मात्र उत्पन्नाचा एकही कागद मागत नाही. मालमत्तेचा तपशील, मालक, भाडेकरू, मुदत, भाडं, डिपॉझिट, दोन साक्षीदार आणि आधार, एवढ्यावर काम होतं. म्हणजे अडचण कायद्याची नाही, मालकाच्या विश्वासाची आहे. आणि हा फॉर्म नीट भरला तर तो विश्वास बऱ्याच अंशी करारातच बांधून देता येतो. पगार नसलेल्या भाडेकरूसाठी या सेवेचं खरं मोल इथे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. '११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे' हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणी टाळू पाहणाऱ्या मालकाला एवढं शांतपणे सांगितलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

आता खर्च. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीचं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर लागतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी शुल्क वेगळं. पैसे शासनाच्या ग्रास प्रणालीतून ऑनलाइन भरायचे.

पगार नसलेले लोक जी हेवी डिपॉझिटची, म्हणजे मोठं डिपॉझिट देऊन भाडं कमी करून घेण्याची वाट धरतात, तिचं गणित याच सूत्रात बसतं. समजा १२ महिने, भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,०००: भाडं २,४०,०००, व्याज ६,०००, बेरीज २,४६,०००, शुल्क ६१५ रुपये. तेच घर १० लाख डिपॉझिट आणि ५,००० भाड्यावर घेतलं तर ६०,००० अधिक १,००,०००, म्हणजे १,६०,००० वर ४०० रुपये. शुल्कात फरक किरकोळ, धोक्यात मात्र प्रचंड. १० लाख मालकाच्या हातात जातात आणि त्याने ते दुसरीकडे गुंतवले की घर सोडताना परत मिळायला महिने लागतात. म्हणून डिपॉझिट चेकने किंवा बँकेतूनच द्या, चेक किंवा व्यवहार क्रमांक करारात लिहा आणि 'ताबा परत देणं व डिपॉझिट परत करणं एकाच वेळी' ही अट घाला. निवृत्तीची सगळी पुंजी एका मालकाकडे अडकवणं आम्हाला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा काही महिन्यांचं भाडं आगाऊ देणं बरं. फक्त ही रक्कम डिपॉझिटच्या रकान्यात टाकू नका. तिथे टाकली की भाडं एकदा मोजलं जातंच, वर त्याच पैशावर व्याजही धरलं जातं. परत न मिळणाऱ्या रकमेत दाखवली तर ती सरळ दोनदा मोजली जाते. भाड्याच्या रकान्यात नेहमीचं मासिक भाडंच ठेवा आणि 'अमुक ते अमुक महिन्यांचं भाडं आगाऊ मिळालं, मधेच घर सोडल्यास उरलेलं परत' हे अटींमध्ये स्वतंत्र लिहा.

सेवेची मोठी उणीव म्हणजे जामीनदाराला जागा नाही. पक्षकारांच्या बाजू दोनच, मालक आणि भाडेकरू, शिवाय साक्षीदार. साक्षीदाराची सही म्हणजे भाड्याची हमी नव्हे, हे मालकांनाही अनेकदा ठाऊक नसतं. यावर उपाय दोन. कमावत्या मुलाला किंवा बहिणीला सहभाडेकरू म्हणून घ्या. पण मग त्यांचंही आधार पडताळणीसह सगळं करावं लागतं आणि भाड्याची जबाबदारी त्यांच्यावरही येते. नाहीतर हमीपत्र वेगळं, योग्य मुद्रांकावर करा. पहिला उपाय मालकाला चटकन पटतो. सहभाडेकरू दुसऱ्या गावी असेल तरी अडत नाही, आधार पडताळणीसाठीचा अंगठ्याचा ठसा पक्षकार वेगवेगळ्या ठिकाणाहून देऊ शकतात.

व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त', 'गृहिणी', 'विद्यार्थी' जे खरं असेल तेच लिहा. सुटलेली नोकरी चालू दाखवण्याचा सल्ला काही एजंट देतात, तो ऐकू नका. नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणं नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. उत्पन्नाचा पुरावा मालकाला वेगळा दाखवा: पेन्शनचं पासबुक, मुदत ठेवीच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. खाते क्रमांक झाकून द्या.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ अंगठ्याच्या टप्प्यावर होतो. ज्येष्ठांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा नाकारतं. दुसरी बोटं लावून बघा, बोट कोरडं असेल तर किंचित ओलसर करा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावं लागतं. ठसा चांगला असूनही नकार येत असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे का ते आधी तपासा. हे कारण साधं आहे आणि तेच शेवटी आठवतं. काहीच जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाण्याचा मार्ग उरतो.

अंगठे देण्याआधी मसुद्याची प्रत काढून नावांचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, तारखा आणि रकमा ओळीने वाचा. दस्त नोंदल्यावर चूक सापडली तर चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. एजंट घरी येऊन काम करणार असेल तर शासकीय शुल्क आणि त्याची फी वेगवेगळी लिहून मागा. चलनावर शासकीय रक्कम छापलेलीच असते.

मुदतीबद्दल आमचं मत ठाम आहे: पगार नसेल तर ११ महिन्यांचा करार करू नका. या पद्धतीत ६० महिन्यांपर्यंत मुदत घालता येते आणि भाडं टप्प्याटप्प्याने वाढतं दाखवता येतं. २४ किंवा ३६ महिने घेतले की 'कामाला कुठे' हा प्रश्न दरवर्षी पुन्हा उभा राहत नाही. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो, त्यामुळे शेवटची तारीख आपल्या सोयीची असणं महत्त्वाचं. लवकर निघावं लागलं तर काय, यासाठी एक महिन्याच्या नोटिशीची अट भाडेकरूच्या बाजूनेही लिहून घ्या.

नोंदणी झाल्यावर दस्ताची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) दोन्ही स्वतःकडे घ्या, फक्त मालकाकडे ठेवू नका. सोसायटीने कंपनीचं पत्र मागितलं तर मालकाला हीच प्रत द्यायला सांगा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं ही वेगळी पायरी आहे. ती मालकाने केली का ते विचारून तिचीही पोच घ्या.