वजनकाट्याआधी विचारपूस: सांगलीतील एक आहारसल्ला केंद्र

विश्रामबागेतील या केंद्रात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला नेले, तेव्हा वजन करण्याआधी आहारतज्ज्ञ ताईंनी तिची झोप, पाळी आणि जेवणानंतर दाटणारी अपराधी भावना यांविषयी शांतपणे विचारले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) भारतीय प्रौढांसाठी योग्य मानलेल्या १८.५ ते २२.९ या मर्यादेत असला, तरी जेवून मुद्दाम उलटी करण्याचा आजार असू शकतो आणि त्यामुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे समजावून त्यांनी रक्ततपासणी व मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला सुचवला. आहारही साधाच: वेळेवर भाकरी, उसळ, दही. प्रतीक्षाकक्षातील झटपट वजन घटवण्याची जाहिरात मात्र केंद्राने त्वरित काढावी. तिथे बसलेल्या अशा मुलींना ती घातक आहे.